डेसमॉस: नववीच्या आलेखापासून रिक्षाच्या मीटरपर्यंत

डेसमॉसचं ग्राफिंग कॅल्क्युलेटर, म्हणजे सूत्र किंवा तक्ता दिला की आलेख काढणारं ॲप, फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत, खातं उघडायची सक्ती नाही आणि फोनवरचं ॲप एकदा उतरवून घेतलं की नेट नसतानाही चालतं. इतकं सगळं असूनही माझ्या क्लासात जून-जुलैमध्ये ते कुणालाही उघडायला मिळत नाही. आधी आलेख कागद, टोकदार पेन्सिल आणि उजव्या कोपऱ्यात ‘प्रमाण : दोन्ही अक्षांवर 1 सेमी = 1 एकक’. दहा बिंदू हाताने मांडून झाले, त्यांच्यातून दोरा ताणून कुठली रेषा बरी बसते हे डोळ्याने ठरवून झालं, की मग टॅब बाहेर येतो. हा क्रम उलटा केला तर मुलं आलेखाकडे चित्र म्हणून बघतात, आणि चित्र छान आलं की त्यांचा विषय संपतो.

मी डोंबिवली पूर्वेला घरच्याच हॉलमध्ये आठवी ते दहावीचा गणिताचा क्लास घेते. स्टेट बोर्ड, थोडी मराठी माध्यमाची, बरीचशी सेमीची मुलं. आठवीत ‘चलन’ हा धडा असतो: समचलन, व्यस्तचलन, चलनाचा स्थिरांक. नववीत दोन चलांतली रेषीय समीकरणं येतात, दहावीत त्यांचे आलेख. तिन्ही वर्षं उदाहरणं तीच, वह्यांची संख्या आणि किंमत, मजूर आणि दिवस. मुलं उत्तर बरोबर काढतात आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे हे मात्र त्यांच्या गावीही नसतं. मला हवं होतं ते घरातल्या आकड्यांवर खेळता येईल असं काहीतरी. त्या वापरापुरताच हा रिव्ह्यू आहे.

थोडी माहिती. एली लुबेरॉफ या अमेरिकन माणसाने हे 2011 मध्ये बाजारात आणलं. 2022 मध्ये कंपनीचे दोन भाग झाले. वर्गात शिकवायचा अभ्यासक्रमाचा भाग ॲम्प्लिफाय या कंपनीकडे गेला आणि कॅल्क्युलेटर डेसमॉस स्टुडिओ या वेगळ्या कंपनीकडे राहिलं. अमेरिकेतली कॉलेज प्रवेशाची सॅट परीक्षा संगणकावर गेली तेव्हा तिच्यात हेच कॅल्क्युलेटर बसवलं. म्हणजे हौशी माणसाने सुट्टीत केलेलं ॲप नाही, उद्या बंद पडेल अशी भीती कमी. आपल्याकडे दहावीच्या गणिताच्या पेपरला साधं कॅल्क्युलेटरही चालत नाही, तेव्हा परीक्षेपुरता याचा उपयोग शून्य. हे पालकांना आधीच सांगून टाकते.

आता मुख्य गोष्ट, रिक्षा. मुंबई महानगर प्रदेशात 1 फेब्रुवारी 2025 पासून रिक्षाचं किमान भाडं 26 रुपये आहे, पहिल्या दीड किलोमीटरसाठी. पुढे प्रत्येक किलोमीटरला 17 रुपये 14 पैसे. मुलांना विचारलं, सूत्र मांडा. जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं: भाडं = 26 + 17.14 × अंतर. वह्या-पुस्तकांच्या गणितात ‘ठराविक रक्कम अधिक दर गुणिले संख्या’ हे इतकं घोटलेलं असतं की दीड किलोमीटर कुणी वजाच करत नाही.

डेसमॉसमध्ये तक्ता घ्यायचा, डावीकडे अंतर, उजवीकडे भाडं. 2 किमीला 35, 3 ला 52, 5 ला 86, 8 ला 137, 10 ला 172. हे पूर्ण रुपयात आणलेले आकडे. तक्ता भरला की पडद्यावर बहुतेक बिंदू दिसतच नाहीत, कारण सुरुवातीला दोन्ही अक्ष साधारण उणे 10 ते 10 एवढेच उघडतात. तक्त्याखाली भिंगाचं चिन्ह येतं, त्यावर टिचकी मारली की सगळे बिंदू चौकटीत बसतात. मग खालच्या ओळीत रेषेचं समीकरण लिहायचं, चढाला (रेषा किती तिरकी वर जाते त्याला) एक अक्षर, स्थिर संख्येला एक अक्षर. ॲप लगेच विचारतं, या अक्षरांसाठी स्लायडर, म्हणजे किंमत बदलायच्या सरकपट्ट्या, हव्यात का? हो म्हणायचं. स्लायडरची मर्यादाही उणे 10 ते 10 असते, त्यामुळे चढ 17 वर न्यायला गेलं की पट्टी 10 वरच अडते. टोकाच्या आकड्यावर बोट ठेवून ती 25 करावी लागते. हे न सांगितल्यास मुलं पाच मिनिटं ‘टीचर, चालतच नाहीये’ करत बसतात.

आणि मग मजा सुरू होते. स्थिर संख्या 26 ठेवून चढ कितीही सरकवा, रेषा बिंदूंवर बसत नाही. 5 किमीपाशी जुळवली तर 10 ला चुकते, 10 ला जुळवली तर 2 ला. मग कुणीतरी दुसरा स्लायडर खाली ओढतं. 20, 12, 5… रेषा बसत जाते, आणि नीट बसते तेव्हा तो स्लायडर जवळजवळ शून्यावर असतो. रेषा सरळ आरंभबिंदूतून चाललेली!

कारण 17.14 ला दीडने गुणलं की 25.71 येतात. त्याचे पूर्ण रुपये केले की 26. म्हणजे ते 26 रुपये रिक्षात पाय ठेवल्याची फी नाहीत, दीड किलोमीटरचंच भाडं आहे. तुम्ही अर्धा किलोमीटर गेलात तरी दीडचे द्यायचे, इतकंच. त्याआधीचा दर बघा, 2022 च्या ऑक्टोबरपासूनचा: किमान 23, पुढे 15.33. दीडने गुणा, 22.995. टॅक्सीचं आताचं किमान 31, पुढे 20.66. गुणाकार 30.99. दर वेळी तेच. रात्री 12 ते पहाटे 5 सव्वापट भाडं, तेव्हा रेषेचा चढ सव्वापट होतो, पण ती निघते त्याच बिंदूपासून. ज्याला आपण आठवीत समचलन म्हणतो (एक दुप्पट झालं की दुसरंही दुप्पट) तेच हे आहे, फक्त सुरुवातीच्या दीड किलोमीटरला आडवी पट्टी जोडलेली. माझ्या क्लासात एका मुलाचे वडील रिक्षा चालवतात. तो दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, “टीचर, पप्पा म्हणाले यात शोधायचं काय होतं?” बरोबरच आहे त्यांचं. पण किलोमीटरला 17 ने गुणून भाडं तोंडी काढायची युक्ती आमच्या सोसायटीत त्या दिवसापासून फिरते आहे.

तक्त्यातले आकडे सरकारी दराचे होते, म्हणून रेषा इतकी चोख आली. नंतर मुलांनी मुलुंड, भांडुपकडच्या नातेवाइकांकडून खरे मीटरचे आकडे आणले. (आमच्या इथे बहुतेक शेअर रिक्षा, त्यांचा आलेख काढायचा म्हणजे स्टॉपगणिक जिना.) खरे बिंदू रेषेवर बसले नाहीत, आणि जे सुटले ते सगळे रेषेच्या वरच्या बाजूला. एकही ठळकपणे खाली नाही. सिग्नलला उभं राहिलं तरी मीटर पुढे सरकतं, म्हणून. अंतर सोडून आणखी एक चल या खेळात आहे, थांबण्याचा वेळ, आणि तो भाडं फक्त वाढवू शकतो, कमी करू शकत नाही. हे मला पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही उदाहरणातून इतकं स्वच्छ दाखवता आलं नसतं.

स्लायडरला या ॲपमध्ये मी पैकीच्या पैकी देते. हाताने ओढायचं असतं, त्यामुळे अंदाज आधी करावा लागतो.

जे मी कपाटात कुलूप लावून ठेवते ते म्हणजे नागमोडी चिन्ह (~). समीकरणात बरोबरच्या जागी हे चिन्ह लिहिलं की ॲप तक्त्यातल्या बिंदूंना सगळ्यात जवळची रेषा स्वतःच काढून देतं. त्याला रिग्रेशन म्हणतात. प्रत्येक बिंदू रेषेपासून उभ्या दिशेत किती दूर आहे ते मोजायचं, त्याचे वर्ग करायचे, आणि त्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल अशी रेषा निवडायची. खाली चढ आणि स्थिर संख्या लिहून येतात, शिवाय आर वर्ग नावाचा आकडा येतो, 0 ते 1 मधला. 1 च्या जितका जवळ तितके बिंदू रेषेला धरून. इथेच घात आहे. 0.99 दिसलं की मुलं पेन खाली ठेवतात.

त्यांना पेन परत उचलायला लावायचं असेल तर विजेचं बिल आणावं. आमच्याकडे महावितरणचं येतं. घरगुती दराचे टप्पे 0 ते 100 युनिट, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे. प्रत्येक मुलाने घरच्या बिलातले युनिट आणि रक्कम आणायची, शक्यतो एकाच महिन्याची, कारण मध्ये दर बदलले की दोन वेगळे आलेख एकमेकांत मिसळतात. थकबाकी वगळून, फक्त चालू बिल. बिंदू मांडले, नागमोडी चिन्ह लावलं, आर वर्ग 0.99 च्या आसपास आला. वर्गात जल्लोष.

मग विचारलं, ही रेषा शून्य युनिटला कुठे पोचते? उणे दोनशेच्याही खाली. म्हणजे महिनाभर कुलूप लावून गावी गेलो तर महावितरणच आपल्याला पैसे पाठवणार! सगळे हसले, आणि त्या हसण्यातच समजलं की 0.99 असूनही रेषा चुकीची आहे. खरा आलेख एक रेषा नाहीच. तो 100 पाशी आणि 300 पाशी वाकतो. वाकतो, उडी मारत नाही, हे महत्त्वाचं. ‘101 वं युनिट पडलं की सगळं बिल महाग दराने लागतं’ ही समजूत आमच्या इमारतीत इतकी घट्ट आहे की महिनाअखेरीला लोक गीझर बंद ठेवतात. पहिली 100 युनिटं त्यांच्या जुन्याच दराने राहतात, महाग पडतं ते फक्त पुढचं. आलेखात उडी नाही, कोन आहे.

डेसमॉसमध्ये असे तुकडे जोडणं सोपं आहे. महिरपी कंसात अट लिहायची, युनिट 100 पेक्षा कमी असतील तर हे सूत्र, नाहीतर ते. तीन तुकडे जोडून झाल्यावर बिलावरच्या ओळी एकेक करून आलेखात सापडतात. स्थिर आकार म्हणजे शून्य युनिटलाही द्यावी लागणारी रक्कम, रेषा उभ्या अक्षाला छेदते ती जागा. रिक्षाला ही रक्कम नव्हती, विजेला आहे. वीज आकार आणि वहन आकार मिळून प्रत्येक तुकड्याचा चढ. वीज शुल्क 16 टक्के, ते टक्केवारीत असल्यामुळे आलेख उभ्या दिशेने ताणतं, नवा कोपरा तयार करत नाही. बिलाच्या मागच्या बाजूचं बारीक छापलेलं मी स्वतः इतक्या बारकाईने त्याआधी वाचलं नव्हतं.

चहाबद्दल लिहिलं नाही तर मुलं रागावतील. स्टीलच्या पेल्यात चहा, स्वयंपाकघरात वापरायचा डिजिटल थर्मामीटर, पाच-पाच मिनिटांनी नोंद. 81, 72.7, 65.6 असे आकडे. पहिल्या दहा मिनिटांवर सरळ रेषा उत्तम बसते. तीच रेषा 40 मिनिटांपर्यंत लांबवली तर चहा 19 अंशांवर जातो, डोंबिवलीच्या मे महिन्यात. म्हणजे फ्रिजमध्ये ठेवलाय का कुणी? खरं तर चहा खोलीच्या तापमानापेक्षा खाली जाऊ शकत नाही, आणि खोलीशी असलेला फरक जितका मोठा तितका तो वेगाने निवतो. न्यूटनचा शीतकरणाचा नियम हाच. सूत्र असं: तापमान = खोलीचं तापमान + सुरुवातीचा फरक × घटत जाणारा घातांकी भाग. यातले तिन्ही आकडे (खोलीचं तापमान, सुरुवातीचा फरक, घटण्याचा वेग) ॲपला शोधायला लावले, खोलीचं तापमान सांगितलंच नाही, आणि त्याने 29 च्या जवळपासचा आकडा काढून दिला. भिंतीवरच्या थर्मामीटरलाही तेवढंच होतं. नुसत्या निवणाऱ्या चहाने खोलीचं तापमान सांगितलं याचं मला अजूनही अप्रूप आहे.

इथे एक सावधगिरी. सरळ रेषा नसलेल्या सूत्रांत ॲप अंदाज घेत घेत उत्तरापर्यंत जातं आणि कधीकधी भलत्याच ठिकाणी थांबतं. महिरपी कंसात ‘हा आकडा शून्यापेक्षा मोठा’ अशी अट दिली की ताळ्यावर येतं. शिवाय रिग्रेशनखाली ‘प्लॉट’ असं बटण असतं, त्याने प्रत्येक बिंदू आणि सूत्र यांतला उरलेला फरक वेगळा काढून मिळतो. तो बघायची सवय लावा. फरक वर-खाली कसेही विखुरलेले असतील तर सूत्र ठीक. ओळीने आधी सगळे वर, मग सगळे खाली, मग परत वर असे दिसले तर सूत्राचा आकारच चुकलाय. विजेच्या बिलात हे लगेच दिसतं. चहातही पहिल्या काही मिनिटांत थोडं दिसतं, कारण उघड्या पेल्यातून वाफ जाते आणि सुरुवातीचं निवणं नियमापेक्षा जरा जलद होतं. झाकण ठेवून पुन्हा करून बघण्यासारखं.

दहावीच्या हुशार मुलांना मी अँस्कोंबचे चार संच देते. फ्रान्सिस अँस्कोंब या संख्याशास्त्रज्ञाने 1973 मध्ये छापलेले, प्रत्येकी 11 बिंदूंचे. चारही संचांत आडव्या चलाची सरासरी 9, उभ्याची 7.5, रेषेचा चढ 0.5, स्थिर संख्या 3, आर वर्ग 0.67. आकड्यांवरून चौघं सख्खे भाऊ. आलेख काढला की पहिला खरोखर रेषेभोवती पसरलेला, दुसरा चक्क वक्र, तिसऱ्यात एक आगाऊ बिंदू सोडून बाकीचे काटेकोर रेषेत, चौथ्यात दहा बिंदू एकाच उभ्या रेषेवर आणि अकरावा लांब एकटा. टंकलेखन कंटाळवाणं आहे, पण स्प्रेडशीटमधून कॉपी करून डेसमॉसच्या रिकाम्या ओळीत चिकटवलं की आपोआप तक्ता होतो. ही सोय छोटी आहे आणि फार कामाची.

काही गोष्टी खटकतात. चलांना पूर्ण नाव देता येत नाही, एकच अक्षर, फार तर त्याला पायाशी खूण. रोमन लिपीत ‘रेट’ टाइप केलंत तर ते आर, ए, टी, ई असे चार वेगळे चल गुणले असं धरतं, आणि त्यातला ई तर चलही नाही, तो 2.718 हा ठरलेला स्थिरांक. मुलगी बिचारी तीन स्लायडर घेऊन बसते आणि चौथा का मिळत नाही म्हणून माझ्याकडे बघते. त्रिकोणमितीची मुलं आणखी वेगळ्या खड्ड्यात पडतात. साइन 30 लिहिलं की 0.5 ऐवजी उणे 0.988 येतं, कारण कोन मुळात अंशांत नाही, रेडियन या दुसऱ्या एककात धरलेले असतात. पान्याच्या चिन्हात जाऊन अंश निवडायचे. त्याच ठिकाणी अक्षांना नावं देता येतात, तेही जरूर करायला लावा. नाव नसलेल्या अक्षांचा आलेख मी तपासतच नाही.

भूमितीसाठी मात्र मी जिओजेब्राकडे जाते. मार्कुस होहेनवार्टर या ऑस्ट्रियन माणसाचं ते काम, रचना, स्पर्शिका, परिवर्तुळ यांना त्याला तोड नाही. तक्ता आणि सूत्र यांची गाठ घालायला डेसमॉस जास्त हलकं आहे, दोन्हींत भांडण लावायची गरज नाही.

फोनवर चालतं, पण अर्धा पडदा कीबोर्डच खातो आणि उरलेल्यात आलेख मावत नाही. टॅब किंवा लॅपटॉप असेल तर तोच घ्या, टीव्हीला जोडता आला तर उत्तम. पालकांनी मुलांबरोबर घरी करायचं असेल तर रिक्षापासून सुरुवात करू नका, ते सुंदर आहे पण एकदाच. साधा दोरा आणि किल्ल्यांचा जुडगा घ्या, लांबी 25, 50, 75, 100 सेंटिमीटर करत वीस-वीस झोके मोजा (जाऊन परत येणं म्हणजे एक झोका). एका झोक्याचा वेळ साधारण 1 सेकंद, 1.42, 1.74 आणि 2 सेकंद येईल. लांबी चौपट, वेळ दुप्पट. आधी मुलाला विचारा चौपट लांबीला किती वेळ लागेल, त्याचं उत्तर कागदावर लिहून घ्या, आणि मगच टॅब द्या.